जाताना वारा तोंडावर घ्या

कडाक्याच्या थंडीत सायकल काढण्याआधी वारा कुठून वाहतोय ते बघा आणि निघताना त्याच्या समोरून जा. परतीला अंग घामेजलेलं असतं. तेव्हा वारा पाठीवर असलेला बरा. हवा शून्य अंशावर असताना ताशी 20 किलोमीटरचा वारा अंगावर आला, तर उघड्या त्वचेला ते उणे 5 अंशांसारखं जाणवतं. वारा नसला तरी सायकलच्या वेगानं तो तयार होतोच. म्हणून चालताना पुरणारे कपडे सायकलवर अपुरे पडतात, विशेषतः हातमोजे.

आत सुती बनियन नको. सुती कापड घाम धरून ठेवतं आणि थांबलात की अंग गार पडतं. त्यापेक्षा पातळ लोकर किंवा सिंथेटिक घाला, वरून वारा अडवणारं जाकीट. निघताना जरा हुडहुडी भरली तर कपडे बरोबर आहेत असं समजा. दहा मिनिटांत ऊब येते. दारातच उबदार वाटत असेल तर एक थर कमी करा. (हे मनाला पटायला वेळ लागतो!)

थंडीत टायरमधली हवाही आकसते, तेव्हा पंप मारून निघा. रस्त्यावर बर्फ किंवा दहिवर गोठलेलं असेल तर सरळ पायी जा, छोटी पावलं टाकत.