आयपी फोनवरून पेजिंग: अँप्लिफायर जोडताना या चुका टाळा

कारखान्यात नवा आयपी पीबीएक्स (कॉम्प्युटर नेटवर्कवर चालणारं अंतर्गत टेलिफोन एक्स्चेंज) बसला की पुढची मागणी ठरलेली: "शॉप फ्लोअरवर जुने हॉर्न आहेतच, फोनवरून त्यांच्यावर बोलता आलं पाहिजे." बोलता येतं, यालाच पेजिंग म्हणतात. फक्त वायर कुठल्या पोर्टमधून काढायची ते आधी नीट बघा.

सगळ्यांत महाग चूक म्हणजे एटीएचा (साधा फोन आयपी नेटवर्कला जोडणाऱ्या डबीचा) एफएक्सएस पोर्ट, म्हणजे साधा फोन लावायचा पोर्ट, थेट अँप्लिफायरच्या ऑक्समध्ये (बाहेरचा आवाज घेणाऱ्या इनपुटमध्ये) घालणं. टेलिफोनची वायर कापून तिला आरसीए पिन लावली की झालं, असं वाटतं. पण एफएक्सएस ही एक्स्चेंजसारखी जिवंत लाइन आहे. रिसीव्हर खाली असताना तिच्यावर साधारण 48 व्होल्ट डीसी असतो आणि रिंग आली की 70 ते 90 व्होल्ट एसी चढतो. ऑक्सला हवा असतो जेमतेम एखाद्या व्होल्टचा सिग्नल. इनपुट उडतं आणि बोल लागतो अँप्लिफायरच्या कंपनीला. शिवाय इनपुट वाचलं तरी उपयोग शून्य, कारण ऑक्स काही फोन उचलत नाही. रिंग वाजतच राहते. म्हणून जोडण्याआधी मल्टिमीटर डीसीवर लावून वायर तपासा. 48 च्या आसपास दिसलं तर थांबा.

मध्ये फोन उचलणारा पेजिंग इंटरफेस हवा, नाहीतर सरळ एसआयपी (आयपी फोनची कॉल जोडण्याची पद्धत) समजणारा पेजिंग अडॅप्टर घ्या. तो एक्स्टेन्शन म्हणून रजिस्टर होतो, कॉल स्वतःच उचलतो आणि लाइन आउटमधून आवाज देतो. पैसे जास्त जातात, पण माझं मत त्याच्याच बाजूने आहे. कारण अ‍ॅनालॉग इंटरफेसची एक खोड आहे: बोलणाऱ्याने फोन ठेवला तरी इंटरफेसला ते कळत नाही आणि सगळ्या हॉर्नवर एंगेज टोन घुमत राहतो. तसं झालं तर एटीएमध्ये डिस्कनेक्टची खूण, म्हणजे पोलॅरिटी उलटणं किंवा क्षणभर करंट तोडणं, चालू करा. इंटरफेसला त्यांतली कुठली समजते हे मॅन्युअलमध्ये पाहा.

कायम हम्म ऐकू येतो? रॅक आणि अँप्लिफायर वेगवेगळ्या अर्थिंगवर असले की 50 हर्ट्झचा गुंजारव येतोच. काही जण प्लगची अर्थ पिनच काढतात. हे कधीही करू नका, जिवावर बेतेल. ऑडिओ वायरमध्ये 600 ओहमचा 1:1 आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका; तो दोन्ही बाजूंचा थेट विद्युत संबंध तोडून फक्त आवाज पुढे नेतो.

आवाज फाटत असेल तर बहुधा लाइन आउट माइक इनपुटमध्ये गेलेला असतो. माइकला मिलिव्होल्ट पुरतात. बेसही कमी करा. साध्या टेलिफोन कोडेकमध्ये (आवाज डिजिटल करण्याच्या पद्धतीत) आवाज साधारण 300 ते 3400 हर्ट्झच असतो, बेस वाढवून फक्त घुमारा वाढतो. 100 व्होल्ट लाइनवरच्या (एकाच लांब वायरवर अनेक हॉर्न जोडायच्या पद्धतीतल्या) सगळ्या हॉर्नच्या टॅपिंगची, म्हणजे प्रत्येक हॉर्नवर निवडलेल्या वॅटची, बेरीज अँप्लिफायरच्या वॅटपेक्षा कमी ठेवा.

मल्टिकास्ट पेजिंगची (एकच घोषणा नेटवर्कवरून एकदम अनेक उपकरणांना पाठवण्याची) तक्रार वेगळीच असते: अडॅप्टर रीबूट केला की चालतं, चार-पाच मिनिटांनी बंद. स्विचवर आयजीएमपी स्नूपिंग (मल्टिकास्ट फक्त मागणाऱ्या पोर्टलाच देण्याची सोय) चालू आहे पण नेटवर्कमध्ये क्वेरियर, म्हणजे 'कुणाला हवंय?' असं अधूनमधून विचारणारं उपकरण, नाही, हे त्याचं नेहमीचं कारण; विचारणा नसल्याने स्विच काही मिनिटांनी अडॅप्टरला यादीतून काढतो. एका स्विचवर क्वेरियर चालू करा. फोन बदलत बसू नका.

जाता जाता आयव्हीआरही (बाहेरचा कॉल उचलून 'अमुक आकडा दाबा' सांगणारी यंत्रणा) तपासा. बाहेरून थेट एक्स्टेन्शन डायल करता येत असेल, तर कुणीही अनोळखी माणूस तुमच्या शॉप फ्लोअरवर घोषणा करू शकतो. पेजिंगचा नंबर त्यातून वगळा आणि त्याला पिन कोड लावा.