बाहेरचा टीव्ही अँटेना निवडताना आणि बसवताना

अँटेनाच्या खोक्यावर छापलेले किलोमीटर आधी विसरा. किती लांबचे पकडता येईल हे प्रक्षेपण करणाऱ्या मनोऱ्याची उंची, त्याची ताकद आणि मधला भूभाग ठरवतो. 'एचडी' किंवा 'डिजिटल' या शब्दांनाही इथे अर्थ नाही. अँटेना फक्त रेडिओलहरी पकडतो. त्यात चित्र कोणत्या पद्धतीने भरले आहे हे त्याच्या गावीही नसते. गच्चीवर जुना अँटेना धड असेल आणि बँड (फ्रिक्वेन्सीचा पट्टा) जुळत असेल, तर नवी केबल जोडून आधी तोच तपासावा.

खरेदीआधी तीन गोष्टी कागदावर लिहून काढा: हवे ते चॅनल कोणत्या फ्रिक्वेन्सीवर येतात, मनोरे कोणत्या दिशेला आहेत आणि लहरी आडव्या ध्रुवणाच्या (कंपनाच्या दिशेच्या) आहेत की उभ्या. पडद्यावर दिसणारा चॅनल क्रमांक आणि खरी फ्रिक्वेन्सी यांचा मेळ असेलच असे नाही, म्हणून फ्रिक्वेन्सीच पाहा. व्हीएचएफचा, म्हणजे कमी फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याचा, वरचा बँड १७४ मेगाहर्ट्झपासून सुरू होतो, यूएचएफ हा जास्त फ्रिक्वेन्सीचा पट्टा ४७० पासून. अँटेनाचा आकार यावरच ठरतो. २०० मेगाहर्ट्झसाठी अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल (लहर पकडणारी, मधोमध केबल जोडलेली काडी) सुमारे ७१ सेंटिमीटर भरतो, ६०० साठी जेमतेम २४. त्यामुळे वीतभर काड्यांचा अँटेना 'दोन्ही बँड चालतात' असे सांगून विकत असतील, तर व्हीएचएफच्या बाबतीत त्यावर विसंबू नका.

सगळे मनोरे एकाच बाजूला असतील तर यागी घ्या. लांब दांड्यावर ओळीने काड्या असलेला हा अँटेना समोरचे जास्त घेतो आणि मागचे-बाजूचे कमी, त्यामुळे इमारतींवरून परावर्तित होऊन येणारा सिग्नलही बराचसा बाहेर राहतो. मनोरे ४०-५० अंशांत पसरले असतील तर जाळी लावलेला फुलपाखरी डायपोलांचा पॅनल बरा. चारही दिशांनी घेणारा गोल अँटेना मनोरे जवळ असतील तरच घ्यावा. तो परावर्तनेही चारही दिशांनी घेतो. एकाच बँडचे दोन अँटेना दोन दिशांना रोखून स्प्लिटर (एका केबलचे फाटे करणारा डबा) उलटा लावून जोडू नका. एकच चॅनल दोन्हींतून थोड्या फरकाने येतो आणि एकमेकाला मारतो.

गेनची, म्हणजे अँटेना एका दिशेने किती जास्त पकडतो त्या आकड्याची, तुलना करताना एकक बघा. डीबीआयमधला (सर्व दिशांनी सारखे घेणाऱ्या काल्पनिक अँटेनाशी तुलना) आकडा डीबीडीपेक्षा (डायपोलशी तुलना) २.१५ ने मोठा दिसतो, अँटेना मात्र तोच असतो.

उंचीबद्दल एक गैरसमज आहे. १५० मीटरच्या मनोऱ्याचे रेडिओ-क्षितिज (लहरी थेट पोचतात ते अंतर) सपाट जमिनीवर ४ मीटर उंचीच्या अँटेनासाठी सुमारे ५९ किलोमीटर असते. अँटेना ९ मीटरवर नेला तर ६३. म्हणजे पल्ला फार वाढत नाही. खरा फायदा होतो तो झाडे आणि शेजारची छपरे खाली राहिल्यामुळे. ओली पाने यूएचएफ बरेच शोषतात, म्हणून पावसाळ्यातही चालेल अशी जागा निवडा.

केबल ७५ ओहमची आरजी-६ घ्या. ३० मीटरमध्ये ६०० मेगाहर्ट्झला पाच-सहा डेसिबल जातात. चार टीव्हींचा स्प्लिटर आणखी सुमारे ७ खातो. इतके गेले की सिग्नलचा साधारण सोळावा हिस्साच टीव्हीपर्यंत पोचतो. ॲम्प्लिफायर लागतो तो इथे, आणि त्याची जागा खांबावर, अँटेनाच्या लगत. टीव्हीपाशी लावला तर केबलमध्ये दुबळा झालेला सिग्नल आणि त्यात मिसळलेला गोंगाट दोन्ही सारखेच वाढतात. नॉइज फिगर (ॲम्प्लिफायर स्वतः किती गोंगाट मिसळतो तो आकडा) २ डेसिबलच्या आसपास असलेला घ्यावा. मनोरा जवळ असेल तर मात्र ॲम्प्लिफायरमुळे नुकसानच होते: जोरदार सिग्नलखाली तो दाबला जातो आणि आधी येणारे चॅनलही गायब होतात. शेजारी मोबाइलचा मनोरा असेल तर ॲम्प्लिफायरच्या आधी एलटीई फिल्टर (मोबाइलच्या लहरी अडवणारा) बसवा. नेहमी होणारी चूक म्हणजे ॲम्प्लिफायरला केबलमधून वीज देणारा इन्जेक्टर स्प्लिटरच्या पलीकडे टीव्हीकडे लावणे. साध्या स्प्लिटरमधून वीज वर जात नाही, आणि मेलेला ॲम्प्लिफायर सिग्नल अडवून बसतो.

खांब उभारण्याआधी विजेच्या तारा पाहा. खांब आडवा पडला तरी तारेला शिवणार नाही एवढे अंतर हवेच. यात तडजोड नाही. खांब आणि केबलचे बाहेरचे जाळीदार आवरण जाड तांब्याच्या तारेने घराच्या मुख्य अर्थिंगला जोडा. वेगळी सळई गाडून ती मुख्य अर्थिंगला न जोडणे धोक्याचे, कारण वीज पडल्यावर दोन अर्थिंगांमधला विद्युतदाब टीव्हीतून वाट काढतो. उघड्यावरच्या एफ-कनेक्टरवर (केबलच्या टोकाच्या जोडावर) स्वतःला चिकटणारी रबरी टेप गुंडाळा. घरात शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथेच ठिबकते.

ध्रुवण उभे असेल तर अँटेनाच्या काड्या उभ्या करा. मग सगळ्यांत दुबळा चॅनल लावा आणि अँटेना पाच-पाच अंशांनी फिरवा. प्रत्येक ठिकाणी दहा सेकंद थांबा, कारण डिजिटल ट्यूनरला आकडा स्थिर करायला वेळ लागतो. टीव्हीच्या मेन्यूत 'स्ट्रेंग्थ' नको, 'क्वालिटी' बघा. ताकद ९० आणि क्वालिटी ३० असेल तर परावर्तन किंवा ॲम्प्लिफायरचा अतिरेक समजा. पूर्वी सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या, चित्र तरी दिसायचे. डिजिटल चित्र शेवटपर्यंत स्वच्छ राहते आणि एकदम तुटते. म्हणून 'आज दिसतेय' एवढ्यावर बोल्ट कसू नका. क्वालिटी सर्वांत जास्त असेल तो बिंदू शोधा, तिथेच खांबावर खूण करून आवळा, आणि मग टीव्हीवर नव्याने चॅनल स्कॅन करा.