नव्या ग्राहकाला स्वतःचा आणि आपल्या व्यवसायाचा परिचय कसा करून द्यावा

बडोद्यात लहान व्यावसायिकाकडे येणारे काम बहुतेक वेळा कोणीतरी नाव सुचवल्यामुळे येते. मकरपुऱ्याच्या जीआयडीसी औद्योगिक वसाहतीतला एक कारखानदार दुसऱ्याला सांगतो, मांडवीतला दुकानदार शेजारच्या गाळ्यात सांगतो, नवरात्रात गरब्याच्या मैदानावर एक बाई दुसरीला सांगते. आणि हे सांगणे बहुधा गुजरातीत होते. त्यामुळे आपला परिचय चांगला झाला की नाही हे ओळखण्याची माझ्या मते एकच खूण आहे, ती अशी की ऐकणाऱ्याला तो दुसऱ्या दिवशी तिसऱ्या माणसापुढे, स्वतःच्या भाषेत आणि न चुकता, सांगता यावा.

मी दांडिया बाजारात बसून लहान कारखान्यांचे हिशेब लिहितो आणि त्यांची जीएसटीची विवरणपत्रे भरून देतो. धंद्याला नुकतीच सुरुवात केली होती तेव्हा एका लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या कारखानदारांना मी माझा परिचय करून दिला, तो असा: ‘आम्ही अकाउंट्स, टॅक्सेशन, कम्प्लायन्स वगैरे सगळ्या सेवा देतो.’ त्यांनी विचारले, ‘एटले तमे सीए छो?’ मी सीए नव्हतो आणि आजही नाही. पण ‘नाही’ म्हणायला जीभ रेटली नाही आणि ‘त्याच लाइनमध्ये आहे’ असे मोघम उत्तर देऊन मी जिलबीकडे वळलो. पुढे सप्टेंबरात, कर-लेखापरीक्षणाची ३० तारखेची मुदत तोंडावर आली असताना, ते गृहस्थ चार बॉक्स फाइली घेऊन माझ्या दारात उभे राहिले. ते काम फक्त सीएलाच करता येते. त्यांना ऐन वेळी दुसरीकडे पाठवावे लागले, आणि ते माझ्याकडे पुन्हा आले नाहीत, यात त्यांची काहीच चूक नव्हती.

पहिली पायरी: शेवटची दहा कामे लिहून काढणे

परिचयाचे वाक्य जुळवायला लगेच बसू नये. आधी एका कागदावर गेल्या काही महिन्यांत आलेली दहा कामे लिहावीत आणि प्रत्येकापुढे तीन गोष्टी नोंदवाव्यात: ग्राहक कोण होता, तो नेमक्या कोणत्या अडचणीत आला होता, आणि त्याला आपले नाव कोणी दिले. तिसऱ्या रकान्याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, परंतु सर्वांत उपयोगी तोच ठरतो, कारण ज्यांच्या तोंडून आपले नाव पुढे जाते ती माणसे कोण आहेत हे त्यातून कळते. माझ्या यादीत दहापैकी सहा कामे बँकेने कर्जासाठी ताळेबंद मागितल्यावर आली होती. मी मात्र लोकांना विवरणपत्रांबद्दलच सांगत फिरत होतो.

ज्याने नुकताच व्यवसाय उघडला आहे त्याच्यापाशी दहा कामे नसतील. त्याने आपल्याच व्यवसायातल्या एखाद्या जुन्या माणसाशेजारी एक दिवस बसून त्याच्याकडे येणारे ग्राहक पहिले वाक्य काय बोलतात ते टिपून घ्यावे.

दुसरी पायरी: ग्राहकाच्या अडचणीपासून सुरू होणारे वाक्य

मकरपुरा जीआयडीसीत माझे एक अशील मोटार रिवाइंडिंग करतात, म्हणजे जळलेल्या मोटारीची जुनी तांब्याची तार काढून नवी भरतात. त्यांच्या कार्डावर पूर्वी असे छापलेले होते: ‘विद्युत क्षेत्रातील सर्व प्रकारच्या दर्जेदार सेवा तत्परतेने पुरवणारे एकमेव विश्वसनीय ठिकाण.’ या ओळीत चूक काढण्यासारखे काही नाही, आणि ती वाचून कोणाला काही आठवेल असेही नाही. तीच ओळ वायरिंग करणाऱ्याच्या, पंखे विकणाऱ्याच्या किंवा ट्रान्सफॉर्मर बनवणाऱ्याच्या कार्डावर टाकली असती तरी चालली असती. ‘दर्जेदार’, ‘विश्वसनीय’, ‘तत्पर’ हे शब्द ग्राहकाने आपल्याबद्दल वापरायचे असतात. आपणच वापरले की ते भिंतीवरच्या रंगासारखे नजरेआड होतात.

आम्ही दोघांनी एक संध्याकाळ बसून ते वाक्य बदलले. नवे वाक्य असे झाले: ‘तुमच्या कारखान्यातली किंवा विहिरीवरची मोटार जळली, तर ती मी पुन्हा भरून देतो, १० एचपीपर्यंतची मोटार साधारण दोन दिवसांत मिळते, माझा गाळा मकरपुरा जीआयडीसीत आहे.’ यात काम काय, कोणासाठी, किती वेळात आणि कुठे या चारही प्रश्नांची उत्तरे आली आहेत आणि एकही विशेषण नाही. दोन दिवस का लागतात हेही त्यांनी एका वाक्यात सांगायला सुरुवात केली: तार भरून झाल्यावर वार्निश देऊन ते नीट सुकवावे लागते, आणि तिथे घाई केली तर मोटार पुन्हा जळते. आपल्या कामातली अशी एखादी खरी गोष्ट सांगितली की समोरच्याला आपल्या जाणकारीचा अंदाज येतो. त्यासाठी अनुभवाची वर्षे मोजून दाखवावी लागत नाहीत.

नाव कुठे घालावे, हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. समोरासमोर बोलताना नाव आरंभी एकदा आणि निरोप घेताना पुन्हा एकदा सांगावे, कारण ओळख होत असतानाच्या गडबडीत पहिल्यांदा सांगितलेले नाव बहुधा कानावरून निघून जाते. इथले लोक आपल्या नावाला ‘भाई’ किंवा ‘बेन’ जोडणारच. फोनमध्येही नाव तसेच साठवले जाते, म्हणून आडनावापेक्षा पहिले नाव स्पष्ट उच्चारावे.

तिसरी पायरी: काय करत नाही ते सांगणे

ही पायरी धंद्याच्या विरुद्ध जाते असे वाटते. परंतु जो माणूस ‘हे मी करत नाही, त्यासाठी अमक्याकडे जा’ असे सरळ सांगतो, त्याने ‘हे मी करतो’ म्हटल्यावर लोक विश्वास ठेवतात. मोटारवाले आता आपणहून सांगतात की ते घरचे पंखे आणि मिक्सर घेत नाहीत. मी पहिल्या अर्ध्या मिनिटातच सांगतो की मी सीए नाही, हिशेब लिहून तयार ठेवतो, आणि लेखापरीक्षणावर सही सीएची असते.

काही व्यवसायांत हा केवळ सभ्यतेचा प्रश्न राहत नाही. चार्टर्ड अकाउंटंट नसताना तसे म्हणवून घेणे हा १९४९च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्यानुसार गुन्हा आहे. याच्या उलट, जे खरोखर सीए किंवा वकील आहेत त्यांना त्यांच्या संस्थांचे नियम जाहिरात करून कामे मागण्यापासून अडवतात. अशा वाचकांनी पुढची व्हॉट्सॲपची पायरी आपापली आचारसंहिता पाहूनच वापरावी.

चौथी पायरी: परिचय गुजरातीत तपासून घेणे

आपण मराठीत विचार करून गुजरातीत बोलतो, आणि दोन्ही भाषा इतक्या जवळच्या आहेत की गफलत लक्षातही येत नाही. कारेलीबागेत राहणाऱ्या एका ताई दिवाळीत चकल्या, करंज्या आणि अनारसे करून विकतात. पहिल्या वर्षी त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर ‘घरगुती फराळ मिळेल’ असे लिहिले. मराठी घरांतून मागण्या आल्या. गुजराती शेजारणींनी मात्र साबुदाणा वडे आणि राजगिऱ्याच्या पुऱ्या आहेत का असे विचारले, कारण गुजरातीत फराळ म्हणजे उपवासाचे खाणे. दिवाळी संपत आली तरी हा घोळ सुरूच होता. पुढच्या वर्षी त्यांनी गुजराती संदेशात ‘दिवाळीनो नास्तो’ असे लिहिले, चकलीला ‘चकरी’ आणि करंजीला ‘घूघरा’ म्हटले, आणि अनारशांना मात्र अनारसेच ठेवून शेजारी फोटो दिला, कारण त्याला सोपा गुजराती शब्द सापडला नाही.

तेव्हा आपले वाक्य गुजरातीत स्वतः भाषांतर करून समाधान मानू नये. एखाद्या गुजराती ग्राहकालाच विचारावे की ‘माझे काम तुम्ही तुमच्या भावाला कसे सांगाल?’ आणि तो जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे. हिंदीचे वाक्यही असेच मिळवावे, कारण आसपासच्या कारखान्यांत खरेदी पाहणारी माणसे निरनिराळ्या प्रांतांतून आलेली असतात.

पाचवी पायरी: कार्ड, पाटी आणि पहिला संदेश

कार्डाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. साडेतीन इंच बाय दोन इंचांच्या त्या तुकड्यावर नाव, कामाची एक ओळ, एकच फोन क्रमांक आणि जवळच्या ठळक खुणेसह पत्ता एवढे मावते. त्याहून अधिक घातले की चाळिशी ओलांडलेल्या ग्राहकाला खिशातून चष्मा काढावा लागतो. देवाचा फोटो घालायचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे.

कारखान्यांची कामे करणाऱ्याने जीएसटी क्रमांकाची बाजू आधीच स्पष्ट करावी. पंधरा अक्षरांच्या या क्रमांकातले पहिले दोन अंक राज्याचे असतात, गुजरातचे २४, आणि पुढची दहा अक्षरे पॅनची असतात. खरेदी विभागातला माणूस नाव विचारल्यावर लगेच हा क्रमांक विचारतो, कारण नोंदणीकृत व्यावसायिकाच्या बिलावरच त्याला भरलेल्या कराची वजावट मिळते. आपली नोंदणी असेल तर क्रमांक दाराच्या पाटीवर लावणे नियमानेच बंधनकारक आहे. नोंदणी नसेल तर तेही भावाची बोलणी सुरू होण्यापूर्वी सांगावे, बिल देताना नव्हे.

व्हॉट्सॲपवर अनोळखी माणसाला पाठवायचा पहिला संदेश लिहिताना, आपला क्रमांक त्याच्या ओळखीचा नाही हे ध्यानात ठेवावे. म्हणून नाव कोणी सुचवले ते पहिल्या ओळीत यावे. माझा संदेश साधारण असा असतो:

‘नमस्कार. तुमच्या शेजारच्या गाळ्यातल्या पटेलभाईंनी तुमचा नंबर दिला. मी दांडिया बाजारात लहान कारखान्यांचे हिशेब लिहितो आणि बँकेला लागणारे कागद तयार करून देतो. मी सीए नाही. तुम्हाला कर्जासाठी ताळेबंद हवा आहे असे ते म्हणाले. उद्या चारनंतर फोन केला तर चालेल का?’

यात माहितीपत्रक नाही, गुलाबाच्या फुलांचे सुप्रभात नाही आणि शेवटी एकच प्रश्न आहे, ज्याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असे एका शब्दात देता येते. मात्र ज्याने नाव सुचवले त्याला आधी विचारल्याशिवाय त्याचे नाव वापरू नये. ही चूक एकदा झाली की दोन ग्राहक एकदम जातात.

यानंतर बडोद्यातला ठरलेला प्रश्न येतो: ‘केटला थशे?’ त्यावर ‘बघू, काम पाहून सांगतो’ हे उत्तर अपुरे आहे. कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती, आणि रक्कम कशामुळे वाढते, हे सांगता आले पाहिजे. घासाघीस त्यानंतरही होईलच. ती इथली रीत आहे आणि तिचा राग मानू नये.

सहावी पायरी: दुसऱ्याच्या तोंडून ऐकणे

परिचय तयार झाला की तो आपल्या व्यवसायाशी संबंध नसलेल्या एखाद्या माणसाला एकदा सांगावा, आणि दुसऱ्या दिवशी त्याला विचारावे की मी काय करतो. घरच्यांना विचारून उपयोग नाही, त्यांना आधीच ठाऊक असते. तो माणूस जे विसरला ते आपल्या परिचयात बहुधा जास्तीचे होते, आणि जे त्याने चुकीचे सांगितले तिथले आपले शब्द बदलायला हवेत.

मोटारवाल्यांनी यासाठी गाळ्यासमोरच्या चहाच्या लारीवाल्याची निवड केली, कारण दिवसभर अख्खी गल्ली त्याच्यापाशी उभी असते. दुसऱ्या दिवशी त्याला विचारले तेव्हा तो किटलीतून नजर न काढता म्हणाला, ‘मोटर बळी गई होय तो सामेवाळाने आपो, बे दिवसमां पाछी.’ दहा एचपीचा आकडा त्याच्या लक्षात राहिला नव्हता. मोटारवाल्यांनी तो तोंडी परिचयातून काढून टाकला; कार्डावर मात्र ठेवला आहे.