जुना मॅक नव्या पीसीवर चालवताना या चुका टाळा

आमच्या ओळखीचे एक छापखानेवाले काका आहेत. नव्वदच्या दशकात त्यांच्याकडे मॅकवर पेजमेकरमध्ये दिवाळी अंकांची जुळणी व्हायची. मशीन केव्हाच भंगारात गेलं, फ्लॉप्यांचा डबा मात्र त्यांनी जपून ठेवला होता. तो डबा माझ्याकडे आला. पहिल्या फ्लॉपीची इमेज, म्हणजे अख्ख्या फ्लॉपीची एका फाईलमधली नक्कल, काढली, विंडोजवर मॅकच्या डिस्क दाखवणाऱ्या एचएफव्ही एक्सप्लोररमध्ये उघडली, मराठी फॉन्टची फाईल डेस्कटॉपवर ओढली आणि आकार बघितला: शून्य केबी. काका शेजारीच बसले होते. "म्हणजे गेलं का रे सगळं?" एवढंच म्हणाले.

गेलं काहीच नव्हतं. जुन्या मॅकवरच्या फाईलला दोन कप्पे असतात, डेटा फोर्क आणि रिसोर्स फोर्क. साधा मजकूर पहिल्या कप्प्यात असतो. आयकॉन, मेनू, जुन्या प्रोग्रॅमचा कोड आणि फॉन्टच्या अक्षरांचे आकार दुसऱ्यात. त्या काळच्या मॅक फॉन्टचा पहिला कप्पा रिकामाच असतो. विंडोजला मात्र तेवढा पहिला कप्पाच कळतो, म्हणून शून्य केबी. शिवाय प्रत्येक फाईलला चार-चार अक्षरांचे दोन कोड चिकटलेले असतात, फाईल कसली आहे आणि कोणत्या प्रोग्रॅमची आहे हे सांगणारे. विंडोजवर नुसती कॉपी केली की तेही गळतात. एम्युलेटर, म्हणजे पीसीवर जुन्या मॅकचं सोंग घेणारा प्रोग्रॅम, बसवताना लोक ज्या अडचणींत अडकतात, त्यातल्या बऱ्याचशा इथूनच सुरू होतात. मॅकची फाईल मॅकच्याच हाती उघडू द्यायची, एवढं पथ्य पाळलं तर पुढचं काम निम्मं होतं.

चुकीचा एम्युलेटर निवडणं

मिनी व्हीमॅक, बॅसिलिस्क टू, शीपशेव्हर आणि क्यूईएमयू ही एकाच गोष्टीची चार नावं नाहीत. प्रत्येकाचं काम वेगळं आहे.

मिनी व्हीमॅक नेहमीच्या रूपात 1986 चा मॅक प्लस होतो: काळा-पांढरा पडदा, 4 एमबी मेमरी, आणि सिस्टिम (मॅकची ऑपरेटिंग सिस्टिम, पुढे तिचंच नाव मॅक ओएस झालं) 7.5.5 पर्यंतच. बसवायला सगळ्यात सोपा, सुरुवातीला हाच घ्या. बॅसिलिस्क टू जुन्या 68के प्रोसेसरचे रंगीत मॅक चालवतो, मॅक ओएस 8.1 पर्यंत. शीपशेव्हर त्यानंतरच्या पॉवरपीसी प्रोसेसरच्या मॅकसाठी, 7.5.2 पासून 9.0.4 पर्यंत. "9.2.2 ची सीडी आहे, शीपशेव्हरवर चढतच नाही" ही तक्रार मी कितीदा तरी ऐकली आहे. ती चढणारच नाही. 9.1 पासून सिस्टिमला प्रोसेसरमधला मेमरी सांभाळणारा भाग लागतो आणि शीपशेव्हरमध्ये तोच नाही. 9.1 किंवा 9.2 हवी असेल तर क्यूईएमयूकडे जा. आणि याच कारणासाठी शीपशेव्हरमध्ये मेमरी कंट्रोल पॅनलमधली व्हर्च्युअल मेमरी बंदच ठेवायची.

नुसतं बघायचं असेल की जुनी सिस्टिम दिसते कशी, तर काहीच बसवू नका. मिहाई परपरिता यांचं इन्फिनिट मॅक ब्राउझरमध्येच उघडतं. स्वतःच्या फ्लॉप्या वाचायच्या असतील तरच पुढचा खटाटोप.

रॉमची गडबड

रॉम म्हणजे मॅकच्या बोर्डावरच्या चिपमधला मजकूर. तो ॲपलच्या मालकीचा आहे, म्हणून कुठल्याच एम्युलेटरसोबत येत नाही. स्वतःचा जुना मॅक चालू असेल तर त्यातून तो काढता येतो. मिनी व्हीमॅकवाल्यांनी त्यासाठी छोटं साधनही दिलं आहे.

रॉम बरोबर आहे का, हे आधी आकारावरून ओळखा. फाईलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि केबी न बघता बाइट्स बघा. मॅक प्लसचा रॉम नेमका 1,31,072 बाइट्सचा असतो. बॅसिलिस्कला 512 केबीचा, म्हणजे 5,24,288 बाइट्सचा, किंवा क्वाड्रा-परफॉर्मा मॉडेलांचा 1 एमबीचा, म्हणजे 10,48,576 बाइट्सचा रॉम चालतो. शीपशेव्हरला जुन्या पॉवर मॅकचा 4 एमबीचा किंवा मॅक ओएसबरोबर येणारी रॉमची फाईल. एक बाइटही इकडे-तिकडे असेल तर ती फाईल अर्धवट उतरलेली आहे किंवा अजून झिपच्या आतच आहे.

मिनी व्हीमॅक रॉम सापडत नाही म्हणून अडून बसतो, तेव्हा दोष बहुतेक वेळा नावाचा असतो. त्याला व्हीमॅक डॉट रॉम याच नावाची फाईल, त्याच्याच फोल्डरमध्ये लागते. विंडोज फाईलच्या नावाचं शेपूट लपवून ठेवतं. तुम्हाला दिसतं व्हीमॅक डॉट रॉम, प्रत्यक्षात असतं व्हीमॅक डॉट रॉम डॉट बिन. फाईल एक्सप्लोररच्या व्ह्यू मेनूत जाऊन शेपटं दाखवायला सांगा आणि मग नाव बदला.

रॉम आणि सिस्टिम यांची जोडीही जुळावी लागते. बॅसिलिस्कमध्ये सिस्टिम 7 साठी मॅक टूसीआय आणि 8 साठी क्वाड्रा 900 हे मॉडेल निवडा, प्रोसेसर 68040 ठेवा. ही सेटिंग उलटसुलट झाली की सुरू होता होता गाडी अडते.

प्रश्नचिन्ह लुकलुकतंय

पडद्यावर फ्लॉपीचं चित्र आणि त्यात लुकलुकणारं प्रश्नचिन्ह दिसलं की लोक घाबरतात. खरं तर ही चांगली खूण आहे: रॉम बरोबर आहे, मशीन जागं झालं आहे आणि सिस्टिम असलेली डिस्क मागतं आहे. मिनी व्हीमॅकमध्ये डिस्क इमेज माउसने ओढून खिडकीवर सोडा, बस्स.

"ही स्टार्टअप डिस्क या मॉडेलवर चालणार नाही" असं आलं तर ती सीडी एखाद्या ठरावीक मॅकच्या खोक्यातून आलेली असते. दुकानात सुटी विकली जाणारी, सगळ्या मॉडेलांवर चालणारी सीडी हवी. आजच्या 64-बिट विंडोजवर खऱ्या सीडी ड्राइव्हच्या नादी लागू नका. सीडीची इमेज काढा, विंडोजमध्ये ती रीड-ओन्ली करा आणि डिस्कच्या यादीत टाका. शीपशेव्हरमध्ये इन्स्टॉलर मध्येच अडत असेल तर त्याच्या ऑप्शन्समध्ये जाऊन हार्ड डिस्क ड्रायव्हर अपडेट करण्याची खूण काढा. इथे खरी हार्ड डिस्कच नाही, मग तो बिचारा ड्रायव्हर कुठे लिहिणार!

सिस्टिम 7.5.3 ॲपलने मोफत दिली होती, 19 तुकड्यांत. हे तुकडे विंडोजवर जोडायला बसू नका. आधी 7.0.1 च्या फ्लॉपी इमेजवर मॅक सुरू करा, तुकडे आत न्या, तिथे पहिला तुकडा उघडा. बाकीचे तो स्वतः गोळा करतो.

इनिशियलाइझ हे बटण

या एका चुकीसाठी मी हा लेख लिहायला बसलो.

मॅकला डिस्क ओळखता आली नाही की तो विचारतो: डिस्क वाचता येत नाही, इनिशियलाइझ करू का? इनिशियलाइझ म्हणजे फॉरमॅट, म्हणजे डिस्क कोरी. बॅसिलिस्कमध्ये नवी रिकामी डिस्क तयार केली असेल तर हाच प्रश्न येतो आणि तिथे होकार द्यायचाच असतो. पण काकांच्या तिसऱ्या फ्लॉपीच्या इमेजवर मी त्याच सवयीने हो म्हटलं. ती इमेज शाबूत होती, फक्त मॅकला न कळणाऱ्या प्रकारातली होती. दोन सेकंदांत ती कोरी झाली. मूळ फ्लॉपी हाताशी होती आणि दुसऱ्यांदाही वाचली गेली, म्हणून निभावलं. तीस वर्षांची फ्लॉपी दर वेळी वाचली जाईलच असं नाही.

तेव्हापासून माझा नेम आहे. इमेज काढली की लगेच तिची प्रत, आणि मूळ इमेज विंडोजमध्ये रीड-ओन्ली. हा प्रश्न आला की आधी इजेक्ट, मग विचार. इमेजचा आकार बघायचा: 800के फ्लॉपी 8,19,200 बाइट्स, 1.44 एमबीची 14,74,560 बाइट्स. याहून बरोबर 84 बाइट्स जास्त असतील तर ती डिस्क कॉपी 4.2 या मॅकवरच्या प्रोग्रॅमने काढलेली इमेज असू शकते; सुरुवातीचे 84 बाइट्स त्या प्रोग्रॅमच्या नोंदीचे असतात. मिनी व्हीमॅक ती तशीच घेतो. आकार बराच कमी असेल तर इमेज दाबून (कॉम्प्रेस करून) ठेवलेली आहे, ती मॅकच्या आत उघडावी लागेल.

खऱ्या फ्लॉपीच्या बाबतीत विंडोजही हाच डाव टाकतं: डिस्क फॉरमॅट केलेली नाही, करू का? नाही. फ्लॉपी उलटी धरून भोकं मोजा. दोन कोपऱ्यांत दोन भोकं असतील तर ती 1.44 एमबीची, साध्या यूएसबी ड्राइव्हवर वाचता येईल. एकच भोक असेल तर बहुधा 800के. मॅकचा ड्राइव्ह 800के फ्लॉपीवर आतल्या आणि बाहेरच्या ट्रॅकसाठी वेगवेगळ्या गतीने फिरतो आणि माहिती लिहिण्याची पद्धतही पीसीपेक्षा वेगळी आहे. यूएसबी ड्राइव्ह ती कधीच वाचणार नाही, कितीही वेळा घालून काढली तरी. त्यासाठी चालू स्थितीतला जुना मॅक, नाहीतर ग्रीसवीझलसारखा फ्लॉपी वाचून देणारा बोर्ड आणि पीसीचा जुना फ्लॉपी ड्राइव्ह लागतो.

फाईल विंडोजवर सोडवणं

सिट, एचक्यूएक्स, बिन अशी शेपटं असलेल्या फाइली उतरवल्या की पहिला मोह होतो विंडोजवरच्या एखाद्या अनझिप प्रोग्रॅमने त्या उघडण्याचा. तो आवरा. हे प्रकार निर्माणच यासाठी झाले की दोन्ही कप्पे आणि ते चार अक्षरी कोड एका पुडीत बांधून परक्या मशीनवरून सुखरूप जावेत. पुडी विंडोजवर सोडली की दुसरा कप्पा सांडला. ती तशीच मॅकच्या आत न्यायची आणि तिथे स्टफइट एक्स्पांडरने सोडवायची. स्टफइट स्वतःच पुडीत येतो, मग तो सोडवायचा कशाने? त्यासाठी तो आधीच आत बसवलेली डिस्क इमेज शोधा.

बॅसिलिस्क आणि शीपशेव्हर विंडोजवरचा एखादा फोल्डर मॅकच्या डेस्कटॉपवर दाखवतात. अख्खा सी ड्राइव्ह कधीही देऊ नका, वेगळा फोल्डर करा. तो फक्त देवाणघेवाणीचा उंबरठा समजा: फाईल त्यातून मॅकच्या डिस्कवर ओढा, मग उघडा. दुसरा कप्पा तिथे डॉट आरएसआरसी नावाच्या उपफोल्डरमध्ये वेगळा ठेवला जातो. विंडोजमधून तुम्ही फाईलचं नाव बदललंत किंवा ती हलवलीत, की मुख्य फाईल एकीकडे आणि तिचा कप्पा दुसरीकडे. नावं 31 अक्षरांच्या आत ठेवा.

डिस्क खराब होणं

एम्युलेटरची खिडकी फुलीवर क्लिक करून बंद करणं म्हणजे चालू मॅकची वायर उपटणं. स्पेशल मेनूतून शट डाउन करा. एकच डिस्क इमेज दोन एम्युलेटरांत, किंवा एका बाजूला एम्युलेटर आणि दुसऱ्या बाजूला एचएफव्ही एक्सप्लोरर, अशी उघडी ठेवू नका; दोघंही एकाच वहीत एकाच वेळी लिहू लागतात. क्लाउडशी आपोआप जुळणाऱ्या फोल्डरमध्येही ती नको. माझ्याकडे सगळं सी ड्राइव्हवर मॅक नावाच्या साध्या फोल्डरमध्ये असतं.

डिस्क मोठी घेण्यातही तोटा आहे. मॅकची डिस्कवर फाइली मांडण्याची जुनी एचएफएस पद्धत डिस्कचे जास्तीत जास्त 65,535 तुकडे पाडते. 2 जीबीची डिस्क केलीत तर एका ओळीची चिठ्ठीही 32 केबी खाते. 500 एमबी पुरेसे होतात. 8.1 मध्ये नवी एचएफएस प्लस आली, पण 68के मॅक त्या डिस्कवरून सुरू होत नाहीत, म्हणून बॅसिलिस्कची सुरुवातीची डिस्क जुन्याच पद्धतीची ठेवा.

मिनी व्हीमॅकमध्ये खेळ भरधाव पळत असेल तर कंट्रोल दाबून ठेवा, एस आणि मग झेड दाबा; मूळ मॅकची गती येते. बॅसिलिस्कने माउस धरून ठेवला तर कंट्रोल आणि एफ5.

मराठी मजकूर दिसत नाही

काकांच्या फाइली उघडल्या तेव्हा पानभर इंग्रजी अक्षरांची खिचडी होती. हा बिघाड नाही. तेव्हाचे डीटीपीचे मराठी फॉन्ट युनिकोडचे नव्हते. इंग्रजी अक्षरांच्या जागी काने, मात्रा, अर्धी अक्षरं बसवलेली असत. नेमका तोच फॉन्ट नसेल तर मागची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. सिस्टिम 7.1 पासून फॉन्ट सिस्टिम फोल्डरच्या आतल्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये जातात. पोस्टस्क्रिप्ट (छपाईसाठी पानाचं वर्णन करणारी भाषा) फॉन्टचे दोन भाग असतात, पडद्यासाठीची सुटकेस आणि छपाईसाठीची बाह्यरेषांची फाईल. दोन्ही लागतात, शिवाय अडोबी टाइप मॅनेजर. एकच टाकलात तर अक्षरं करवतीच्या दात्यांसारखी दिसतात.

ते शून्य केबीचे फॉन्ट मी मग इमेजमधूनच, मॅकच्या आतल्या आत, फॉन्ट्स फोल्डरमध्ये ओढले आणि मॅक पुन्हा सुरू केला. पान बाहेर काढायला मजकूर कॉपी करून उपयोग नाही, विंडोजवर पुन्हा खिचडीच होईल. चूझरमध्ये, म्हणजे मॅकवर प्रिंटर निवडायच्या जागी, लेझररायटर 8 निवडा, प्रिंटच्या खिडकीत प्रिंटरऐवजी फाईल निवडा, सगळे फॉन्ट आत घ्यायला सांगा. तयार होते पोस्टस्क्रिप्ट फाईल. ती साधा मजकूरच असते, त्यामुळे देवाणघेवाणीच्या फोल्डरमधून सुखरूप बाहेर येते, आणि विंडोजवर घोस्टस्क्रिप्ट नावाचं साधन तिची पीडीएफ करतं.

अंकाचं पहिलं पान पीडीएफमध्ये उघडलं तेव्हा काकांनी चष्मा पुसला, पडद्याजवळ वाकले आणि अनुक्रमणिका मोठ्याने वाचायला लागले. चौथ्या ओळीत एक वेलांटी चुकली होती. "ही तेव्हाच राहिली होती," ते म्हणाले.