मोनोलॉग निवडताना, बसवताना आणि शूट करताना या चुका टाळा (मी सगळ्या करून बसलोय)

एकोणीस वर्षांचा होतो तेव्हा एका नाट्यशास्त्र विभागाच्या प्रवेश परीक्षेला मी ‘नटसम्राट’मधला आप्पासाहेब बेलवलकर झालो होतो. केसांना टाल्कम पावडर, अंगावर आजोबांची शाल आणि हातात सोसायटीच्या वॉचमनकाकांची काठी, काका बिचारे गेटवर रिकाम्या हाताने. दोन मिनिटं घसा फोडून झाल्यावर परीक्षक मॅडमनी आधी पाण्याची बाटली पुढे केली आणि मग शांतपणे विचारलं, ‘हे सगळं तू कुणाला सांगत होतास रे?’ मी म्हटलं, प्रेक्षकांना. ‘अच्छा. आणि प्रेक्षक तुझ्या आप्पांचे कोण लागतात?’ मला काही सुचेना. तोवर पावडर घामाने ओघळून भुवयांपर्यंत आली होती.

पुढच्या वर्षी, दुसऱ्या उताऱ्यावर अ‍ॅडमिशन मिळाली, शिकून झालं, आणि आता दर उन्हाळ्यात ज्युनियर पोरं ‘दादा जरा बघता का’ म्हणत आपापले पीस, म्हणजे एकाच पात्राच्या सलग बोलण्याचे उतारे, घेऊन येतात. त्यामुळे कुठे काय बिघडतं ते पाठ झालंय. चूक उतारा निवडण्यातली असो, तालमीतली असो की मोबाईलवरची, थोडं उकरलं की खाली बहुतेक वेळा मॅडमचा तोच प्रश्न सापडतो.

उतारा निवडताना

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे गाजलेलं उचलायचं. मुलगे ‘नटसम्राट’, मुली ‘ती फुलराणी’ किंवा ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधली बेणारे. या भूमिका थोरच आहेत, प्रॉब्लेम एवढाच की परीक्षकांच्या डोक्यात डॉ. लागू, भक्ती बर्वे, सुलभा देशपांडे आधीच बसलेले असतात आणि तुम्ही तोंड उघडायच्या आधी तुलना सुरू झालेली असते. त्यात यूट्यूबवर बघून बसवलं असेल तर तुम्ही नक्कल करताय हे पहिल्या वाक्यात कळतं, कारण पॉजसुद्धा त्यांचेच असतात. आणि वयाचं म्हणाल तर १९७० साली ‘नटसम्राट’ आलं तेव्हा लागू स्वतः त्रेचाळीस वर्षांचे होते, म्हातारे नव्हतेच, पण नाटकात कितीतरी वर्षं घालवलेली होती. एकोणिसाव्या वर्षी शाल पांघरून ते येत नाही हो. आपल्या वयाच्या आसपासचं पात्र घ्या, पाचसात वर्षं इकडे तिकडे चालतं.

दुसरी चूक, उतारा वाचायचा आणि नाटक वाचायचंच नाही. बेणारेचंच घ्या. नाटकातली मंडळी तिच्यावर जो खोटा खटला चालवतात त्यात न्यायाधीश झालेले काशीकर तिला बोलायला दहा सेकंद देतात, आणि मग ती जे एवढं लांबलचक बोलते ते बाकीच्यांपर्यंत पोचतच नाही, ते सगळे गोठल्यासारखे असतात. आता एखादी मुलगी तो उतारा काशीकरांवर बोट रोखून किंचाळत करते तेव्हा लगेच समजतं की हिने झेरॉक्सची दोन पानं वाचलीत. कुणीच ऐकत नाहीये हे त्या बाईच्या बोलण्याचं मूळ आहे, तेच काढून टाकलं तर उरतं काय? पूर्ण नाटक मिळवा. कॉलेजच्या लायब्ररीत नसेल तर दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, पुण्यात पुणे मराठी ग्रंथालय आहे, तालुक्याच्या वाचनालयातसुद्धा नाटकांचं एक धूळ खाणारं कपाट असतंच, तिथे अर्धा दिवस घालवा.

तिसरी चूक जरा लपलेली असते. उतारा नुसता आठवणींचा असतो, म्हणजे मी लहान होते, मग पाऊस पडला, मग बाबा गेले, वगैरे वगैरे. वाचायला छान, करायला कठीण, कारण पात्राला समोरच्याकडून काही नको असतं. ज्यात पात्र काहीतरी मागतंय, लपवतंय, पटवतंय किंवा टाळतंय असा उतारा शोधा. आयता स्वगताचा तुकडाच हवा असं नाही, दोघांच्या संवादातून समोरच्याची वाक्यं गाळून एकाचा सलग उतारा बनवता येतो. पण मग गाळलेली वाक्यं मनात ऐकायला लागतात, नाहीतर माणूस स्वतःच विचारतो आणि स्वतःच उत्तर देतो असं काहीतरी विचित्र होतं.

बोलीचं एक सांगतो आणि पुढे जातो. एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’तली बहुतेक माणसं वऱ्हाडी बोलतात. तुम्ही यवतमाळ-अमरावतीकडचे असाल तर ती तुमच्या तोंडात आहे, बिनधास्त घ्या, प्रमाण बोलूनच इम्प्रेशन पडतं या भ्रमात राहू नका. पण ठाण्यात वाढलेल्याने चार वाक्यांपुरती वऱ्हाडी किंवा मालवणी आणली की ती कॉमेडी होते. आणि वेळ! दोन मिनिटं सांगितली असतील तर साधारण सव्वादोनशे-अडीचशे शब्दच बसतात. चारशे शब्दांचा उतारा फास्ट बोलून दोन मिनिटांत कोंबणारे दरवर्षी भेटतात. दिल्लीची एनएसडी (नॅशनल स्कूल ऑफ ड्रामा) असो, पुण्याचं ललित कला केंद्र असो की मुंबई विद्यापीठाची नाट्य अकादमी, प्रत्येकाचे नियम वेगळे आणि बदलणारे, तेव्हा त्या वर्षीचं माहितीपत्रक आधी नीट वाचा.

तालीम करताना

पाठांतराबरोबर सूर पाठ होतो ही मोठी चूक. पहिल्या दिवशी ज्या हेलात वाक्य घोकलं तोच हेल कायमचा चिकटतो, मग सर कितीही म्हणोत ‘वेगळं करून बघ’, जीभ त्याच वळणावरून जाते. माझा उपाय म्हणजे पाठ करताना अगदी सपाट, किराणा मालाची यादी वाचल्यासारखं करायचं, आणि हात कशात तरी गुंतवून. एक मुलगी भाकऱ्या थापता थापता पाठ करायची, तिचं पाठांतर आमच्यात सगळ्यात पक्कं होतं. उतारा हाताने लिहून काढताना स्वल्पविराम, उद्गारचिन्हं गाळून टाका, ती लेखकाची किंवा टाइप करणाऱ्याची असतात, तुमचा श्वास कुठे तुटतो ते तुम्हाला शोधायचंय.

आता त्या ‘कुणाला’कडे येतो. समजा हा तुकडा आहे, सरावासाठी मीच लिहिलेला:

‘बाबा, मशीन विकलंत? बरं केलंत. नाहीतरी धूळच खात होतं. निदान सुई तरी काढून घ्यायची होती. तिच्यात अजून आईने ओवलेला दोरा होता.’

दहापैकी नऊ जण काय करतात, तर पहिल्या वाक्यापासून आवाज ओला करतात आणि ‘आईने’वर रडतात. संपलं, आता पुढे करायला काही उरलंच नाही. त्याऐवजी बाबांना समोर बसवा. ते कुठे बसलेत, काय करतायत? समजा ते जेवतायत आणि ताटातून मान वर करत नाहीयेत. मुलीला हवंय काय, तर त्यांनी एकदा तरी आपल्याकडे बघावं. मग ‘बरं केलंत’ हे टोमणा म्हणून येईल, ते बघत नाहीत, म्हणून ‘धूळच खात होतं’ थोडं समजूतदार होईल, तरी बघत नाहीत, आणि सुईचं वाक्य तिला खरं तर बोलायचंच नव्हतं ते निसटतं. दोऱ्याच्या वाक्यावर बाबांचा घास थांबतो. त्यांचा घास थांबलेला तुम्हाला दिसला पाहिजे, तुम्हाला दिसला की बघणाऱ्याला दिसतो, रडू आलं तर येईल, नाही आलं तरी काही अडत नाही. आता हाच तुकडा बाबा दारूच्या नशेत आहेत असं धरून करा, किंवा बाबा स्वतःच हुंदके देतायत असं धरून. शब्द तेच, पण तीन वेगळे मोनोलॉग होतात. तालमीत मित्राला समोर गप्प बसवा, जेवायलाच बसवा हवं तर. आरशासमोर तालीम करू नका, तिथे समोर तुम्हीच असता आणि नजर आपल्या भुवयांवर जाते.

मराठीची एक खास गोची आहे जी कुणी फारशी सांगत नाही. आपल्याकडे क्रियापद वाक्याच्या शेवटी, नकार तर त्याच्याही मागे. आणि नवख्या नटाचा श्वास संपतो नेमका तिथेच. ‘मी तुझ्याबरोबर येणार नाही’ यातलं ‘नाही’ गिळलं गेलं की पात्र यायला तयार आहे असंच ऐकू येतं! एका पोराने पूर्ण उताऱ्यात चार ‘नाही’ खाल्ले होते, आम्ही बाहेर बसलेल्यांनी ऐकलेली गोष्ट उलटीच होती. वाक्याच्या शेवटच्या दोन शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारा आणि श्वास तिथपर्यंत पुरवा. नाही पुरला तर मध्ये घ्या, त्यात लाज कसली. गडकऱ्यांच्या नाटकातली लांबलचक वाक्यं या सरावासाठी मस्त आहेत, ‘एकच प्याला’तला सुधाकर महिनाभर नुसता मोठ्याने वाचा, फुप्फुसं आपोआप मोठी होतात (डॉक्टर मानणार नाहीत, सोडा). इंग्लिश मीडियमवाल्यांनी आणखी एक बघायचं. ‘फळ’, ‘फूल’मधला फ ओठ मिटून सुटतो, दात ओठावर टेकवून नाही, आणि ‘चाक’मधला च व ‘चार’मधला च एक नव्हेत. स्टेजवर खपून जातं, माइकवर नाही.

मोबाईलवर शूट करताना

इथे स्टेजवरची पोरं हमखास आपटतात. शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय असते आणि इथे शेवटची रांग दीड मीटरवर असते. आवाजाची पट्टी उतरवा, ताकद तीच ठेवा.

नजर ही नंबर एकची चूक. लेन्समध्ये बघून उतारा केला की बातम्या दिल्यासारखं वाटतं, आणि सेल्फी कॅमेरा लावला की डोळे सारखे स्वतःच्या चेहऱ्याकडे सरकतात. मागचा कॅमेरा वापरा आणि लेन्सच्या बाजूला, थोडंसं हटून, डोळ्यांच्या उंचीवर एक टिकली चिकटवा. ते तुमचे बाबा. जेवतायत असं ठरवलं असेल तर टिकली थोडी खाली. ओळख देताना मात्र, म्हणजे नाव, वय, उंची सांगताना, सरळ लेन्समध्ये बघायचं. फोन आडवा की उभा हे सूचनेत लिहिलेलं असतं, नसेल तर आडवा, फ्रेम छातीपासून वर, मागे साधी भिंत. गणपतीचं कॅलेंडर आणि वॉशिंग मशीन फ्रेमबाहेर.

आवाज घुमत असेल तर खोली रिकामी आहे. गाद्या, गोधड्या, चादरी कॅमेऱ्याच्या मागे आणि बाजूला टाका, कपड्यांचं कपाट उघडं ठेवा, फरक लगेच कळतो. पंखा बंद, फ्रिज बंद (नंतर चालू करायला विसरू नका, आई माझ्याशी दोन दिवस बोलली नव्हती), आणि कुकरच्या शिट्ट्यांची वेळ टाळा. फोनमध्ये आणखी एक भानगड असते. तो बारीक आवाज आपोआप वाढवतो आणि मोठा दाबतो, त्यामुळे कुजबुजीत खोलीतली सगळी खरखर वर येते आणि ओरडलात की आवाज फाटतो. कुजबुज अर्धी पायरी मोठी करा, ओरडताना मान जरा वळवा किंवा अर्धं पाऊल मागे घ्या. कॉलर माइक असेल तर तोंडाच्या बरोबर समोर नको, ‘भ’ आणि ‘प’ला धप्प धप्प वाजतं.

व्हिडिओत पट्टे लुकलुकतायत? आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात, आपल्याला दिसत नाही पण सेकंदाला ३० फ्रेमवर कॅमेऱ्याला कधीकधी दिसतं. प्रो मोड असेल तर शटर १/५० किंवा १/१०० सेकंद करा, नसेल तर सरळ सकाळी खिडकीसमोर तोंड करून उभे राहा. खिडकी पाठीमागे ठेवली तर तुम्ही काळी सावली. चेहऱ्यावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड लॉक होतो, ते करा, नाहीतर ऐन दोऱ्याच्या वाक्यावर चेहरा धूसर होतो. फोन फ्लाइट मोडवर, नाहीतर लोनवाल्यांचा कॉल ठरलेलाच.

आणि टेक किती? माझ्या अनुभवात चौथ्या-पाचव्यानंतर माणूस बाबांशी बोलायचं सोडून आधीच्या टेकशी स्पर्धा करायला लागतो. पाच झाले की थांबा, चहा प्या, मित्राला समोर बसवून एकदा कॅमेरा बंद ठेवून करा, मग एकच शेवटचा. दोन टेकचे चांगले तुकडे जोडून पाठवू नका, केसांची बट जागा बदलते आणि लबाडी पकडली जाते.

प्रवेशासाठी पाठवलेला व्हिडिओ यूट्यूबवर टाकायची हौस असेल तर थोडं थांबा. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षं हक्क राहतात. गडकरी १९१९ला गेले, त्यांचं मोकळं आहे, पण ‘नटसम्राट’चे शिरवाडकर १९९९, ‘ती फुलराणी’चे पुलं २०००, ‘शांतता!’चे तेंडुलकर २००८, म्हणजे परवानगी लागणार.

पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा व्हिडिओ म्हणून टाकला की क्वालिटीचा चुरा होतो, डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या. लिंक दिलीत तर ती आधी दुसऱ्याच्या फोनवर उघडून बघा. गेल्या वर्षी एका मुलाने इतका सुंदर टेक केला होता, टिकलीतले बाबा मलासुद्धा दिसले, आणि लिंकची परवानगी फक्त त्याच्या स्वतःच्या अकाउंटला. पंधरा दिवसांनी त्याने मेलबॉक्स बघितला तर ‘अ‍ॅक्सेस हवा आहे’ अशा तीन विनंत्या पडलेल्या, तिसरी शेवटच्या तारखेच्या संध्याकाळची.