स्टेरॉइड घेत असाल तर डॉक्टरांना कसं सांगावं

सांगावं की नाही, या प्रश्नाचं उत्तर एका शब्दाचं आहे: सांगावं. खरी अडचण त्यानंतर येते. कुणाला सांगायचं, सोबत काय न्यायचं, कोणत्या शब्दांत सांगायचं आणि शेजारी वडील बसलेले असताना तोंड कसं उघडायचं. भरतीची तयारी करणारी पोरं, यात्रेच्या फडात उतरणारे पैलवान, लग्नाआधी अंग भरावं म्हणून जिमला लागलेले, या सगळ्यांना कुणी ना कुणी 'एक कोर्स मार', म्हणजे काही आठवडे स्टेरॉइड घे, असं सुचवलेलं असतं. कोर्स कसा मारायचा हे सांगणारे पुष्कळ भेटतात. दवाखान्यात काय बोलायचं हे कुणी सांगत नाही.

इथे मुख्यतः जिममध्ये घेतल्या जाणाऱ्या अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइडबद्दल, म्हणजे स्नायू वाढवणाऱ्या हार्मोनबद्दल, लिहिलं आहे: टेस्टोस्टेरॉन, नँड्रोलोन म्हणजे 'डेका', स्टॅनोझोलोल, मेथँडिएनोन वगैरे. दमा, सांधेदुखी, त्वचारोग यांसाठी डॉक्टर देतात ते प्रेडनिसोलोन, डेक्सामेथासोन हा वेगळा गट आहे. त्याचे धोकेही वेगळे आहेत, ते खाली स्वतंत्र दिले आहेत.

न सांगितलं तर रिपोर्ट डॉक्टरांना कुठे नेतात

डॉक्टर नुसतं तुमच्याकडे पाहून नाही, तर तुम्ही सांगितलेलं आणि रिपोर्टमधले आकडे जुळवून निदान करतात. स्टेरॉइड हे आकडे बदलतं. कारण लपवलं की तेच आकडे दुसऱ्याच आजाराकडे बोट दाखवतात.

टेस्टोस्टेरॉनमुळे तांबड्या पेशी वाढतात. हिमोग्लोबिन १८ च्या वर गेलेलं दिसलं की डॉक्टरांना रक्ताच्या आजाराची शंका येते आणि महागड्या जनुकीय तपासण्या सुरू होतात. मे महिन्यात उन्हातून, पाणी न पिता आलात तर हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) आणखी वर दिसतं. उपचार म्हणून टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या रुग्णाचं हिमॅटोक्रिट ५४ टक्क्यांवर गेलं तर डॉक्टर औषध थांबवतात. जिममध्ये त्याच्या कित्येक पट डोस घेणारा मुलगा मात्र सीबीसी ही साधी रक्ततपासणीसुद्धा करत नाही.

लिव्हरच्या तपासणीतले एएसटी आणि एएलटी हे घटक फक्त लिव्हरमधून येत नाहीत, स्नायूंमधूनही येतात. आदल्या दिवशी जड स्क्वॉट मारले तरी ते वाढतात. तोंडाने घेण्याच्या बऱ्याच स्टेरॉइड गोळ्यांनी लिव्हरला खरोखर इजा होते. यातलं कारण कोणतं हे ओळखायला जीजीटी (लिव्हरची) आणि सीके (स्नायूंची) या तपासण्या लागतात, आणि तुम्ही सांगितल्याशिवाय त्या लिहायचं डॉक्टरांना सुचेलच असं नाही. क्रिएटिनिनचंही, म्हणजे किडनीच्या तपासणीतल्या आकड्याचंही, असंच आहे. स्नायू जास्त असले किंवा क्रिएटिनची पावडर चालू असली की ते थोडं वाढलेलं दिसतं, आणि घरात 'किडनी गेली' म्हणून रडारड होते. सिस्टॅटिन-सी ही किडनीची दुसरी तपासणी केल्यावर खरं चित्र कळतं.

हार्मोनच्या रिपोर्टमध्ये तर सगळ्यात जास्त फसगत होते. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच (वृषणांना काम करायला सांगणारे हार्मोन) तयार करणं थांबवते. वृषणांचं काम बंद पडतं, ते लहान होतात आणि शुक्राणू कमी होतात, कधी शून्यावर येतात. फक्त 'डेका' घेतलं असेल तर टेस्टोस्टेरॉनही कमी दिसतं. डॉक्टरांना पिट्युटरीत गाठ असावी असं वाटतं आणि ते एमआरआय लिहितात.

यातून होणारी सर्वांत महागात पडणारी चूक अशी. कोर्स संपलेला आहे, अंगात जोर नाही, इच्छा होत नाही. रिपोर्टमध्ये टेस्टोस्टेरॉन कमी आलं आणि कोर्सबद्दल तुम्ही गप्प राहिलात. डॉक्टर उपचार म्हणून टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुरू करतात. दोन दिवस बरं वाटतं, पण शुक्राणू आणखी दबतात. लग्न होऊन दोन वर्षं मूल नाही, म्हणून बायकोची सोनोग्राफी, रक्ततपासण्या, गोळ्या सुरू होतात आणि सासरमाहेरची बोलणी तीच खाते. मूल होत नसेल आणि नवऱ्याने कधीही कोर्स घेतलेला असेल, तर पहिली तपासणी त्याच्या वीर्याची व्हावी आणि ती करताना त्याने खरं सांगावं. इथे गप्प राहण्याला आम्ही लाज म्हणणार नाही, तो अन्याय आहे.

पायरी १: घरीच यादी करा

वहीच्या एका पानावर किंवा मोबाइलच्या नोट्समध्ये प्रत्येक औषधाचं नाव, ताकद, किती वेळा, कधीपासून आणि शेवटचा डोस कोणत्या तारखेला हे लिहा. 'हफ्त्याला एक' असं लिहू नका. '२५० मिलिग्रॅम, आठवड्यातून दोनदा' असं लिहा. शेवटची तारीख सर्वांत महत्त्वाची, कारण 'डेका'सारखं तेलातलं इंजेक्शन बंद केल्यावरही शरीरात बराच काळ राहतं.

कुपी, डबी, पट्टी यांचे फोटो काढा. लेबल, बॅच नंबर, एक्सपायरी स्पष्ट दिसू द्या. चोरून मिळणाऱ्या मालात लेबलवर लिहिलेलं औषध असेलच असं नाही. लेबल फाटलेली कुपी असेल तर तसंच सांगा, अंदाजाने नाव ठोकू नका. ट्रेनबोलोन, बोल्डेनोन ही जनावरांची औषधं आहेत, माणसांसाठी मंजूर नाहीत. ती घेतली असतील तर तेही लिहा.

यादीत फक्त स्टेरॉइड नको. कोर्सनंतरच्या क्लोमिफेन किंवा टॅमॉक्सिफेनच्या गोळ्या, एचसीजी, क्लेनब्युटेरॉल, थायरॉइडच्या गोळ्या, इन्सुलिन, स्पर्धेआधी अंगातलं पाणी काढायला घेतलेली लघवीची गोळी, सगळं लिहा. मेफेन्टर्मिनचं इंजेक्शन खास करून. ते स्टेरॉइड नाहीच. भूल देताना पडलेला रक्तदाब वर आणायला डॉक्टर ते वापरतात, आणि जिममध्ये पोरं ताकदीसाठी शिरेत मारतात. छातीत धडधड, वाढलेला रक्तदाब, झोप उडणं ही त्याची लक्षणं. डॉक्टरांना ठाऊक नसेल तर ते हृदयाचा दुसराच आजार शोधत बसतात.

सुई किंवा एकच कुपी दोघातिघांत वापरली असेल तर तेही लिहा.

पायरी २: डॉक्टर निवडा

गावातले फॅमिली डॉक्टर ओळखीचे, म्हणून सोपे वाटतात. पण त्यांचा कंपाउंडर तुमच्या चुलतभावाचा मित्र असतो. अवघड वाटत असेल तर शेजारच्या तालुक्यातल्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणच्या एमडी मेडिसिन डॉक्टरांकडे जा. हार्मोनचे तज्ज्ञ मोठ्या शहरांत बसतात. छत्रपती संभाजीनगरची घाटी, नांदेडचं विष्णुपुरी, लातूर, अंबाजोगाई इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मेडिसिनच्या ओपीडीपासून सुरुवात करता येते. तिथे गर्दी असते, पण त्या गर्दीत तुम्हाला कुणी ओळखत नाही, हाही एक फायदाच.

जिमच्या ट्रेनरने सुचवलेला 'आपला डॉक्टर' टाळा. जो सामान विकतो त्याच्याच साखळीतला माणूस तपासणार असेल, तर ती तपासणी कसली?

पायरी ३: पहिल्या दोन वाक्यांत सांगा

ताप, डोकेदुखी, अंगदुखी असं इकडचं तिकडचं सांगून शेवटी उठताना 'आणि साहेब, थोडं ते...' असं करू नका. तोवर चिठ्ठी लिहून झालेली असते. सरळ असं बोला:

'डॉक्टरसाहेब, मी पाच महिन्यांपासून जिमसाठी टेस्टोस्टेरॉन एनान्थेट घेतोय, २५० मिलिग्रॅम, आठवड्यातून दोनदा. शेवटचं इंजेक्शन मागच्या रविवारी घेतलं. सोबत सहा आठवडे स्टॅनोझोलोलच्या गोळ्या घेतल्या. यादी आणली आहे.'

'पावडर घेतो' म्हटलं की डॉक्टर प्रोटीन समजतात आणि विषय संपतो. औषधाचं नावच घ्या.

सोबत घरचं कुणी असेल तर आत गेल्यावर म्हणा, 'साहेब, दोन मिनिटं एकट्याने बोलायचंय.' डॉक्टरांना हे नवीन नसतं. तेही जमत नसेल तर यादीचा कागद घडी घालून त्यांच्या पुढे सरकवा.

बंद करायचं ठरवलेलं नसलं तरी सांगा. 'सोडणार नाही, पण तपासून घ्यायचंय' हेही खरंच बोलणं आहे. डॉक्टर रागावतील, रागावू द्या. नुसतं लेक्चर देऊन एकही तपासणी न लिहिता बाहेर काढलं, तर मात्र डॉक्टर बदला, बोलणं बदलू नका.

स्तनांची गाठ, वृषण लहान होणं, लिंग न ताठणं, कोर्स बंद झाल्यावर येणारी उदासी, आत्महत्येचे विचार, याच गोष्टी माणसं गिळून टाकतात आणि नेमक्या याच डॉक्टरांना हव्या असतात. मनाचा त्रास असेल तर टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, मराठीतही बोलता येतं.

पायरी ४: तपासणीची तयारी

टेस्टोस्टेरॉनसाठी रक्त सकाळी ८ ते १० च्या दरम्यान, उपाशीपोटी द्यावं. आधीचे किमान दोन-तीन दिवस जड व्यायाम नको, पाणी नीट प्यावं. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस आधी थांबवा, त्यांनी हार्मोनचे आकडे चुकतात. वीर्यतपासणीसाठी दोन ते सात दिवसांचा संयम लागतो.

साधारणपणे सीबीसी, लिव्हर आणि किडनीच्या तपासण्या, कोलेस्टेरॉल, टेस्टोस्टेरॉन, एलएच, एफएसएच, रक्तदाब आणि ईसीजी इथून सुरुवात होते. जास्त काळ घेतलं असेल तर २डी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल फार खाली गेलेलं दिसणं ही ठरलेली गोष्ट. सुई वाटून घेतली असेल तर एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी. एचआयव्हीची तपासणी सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी (समुपदेशन आणि तपासणी) केंद्रात मोफत होते, नाव गुप्त राहतं. नुकतीच जोखीम घेतली असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा करावी.

शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. म्हणून बंद केल्यावर पंधरा दिवसांत रिपोर्ट सुधारला नाही म्हणून घाबरू नका. सुधारणेला कित्येक महिने लागतात, कुणाला वर्षाहून जास्त.

गुप्तता आणि कायदा

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरने रुग्णाची गुपितं फोडायची नसतात. अपवाद मोजके: न्यायालयाचा आदेश, एखाद्या व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर धोका, आणि कळवणं बंधनकारक असलेले रोग. तुमचा कोर्स यात बसत नाही. अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात येत नाहीत. ती चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असा नियम विकणाऱ्यावर आहे.

दोन ठिकाणी सावध राहा. केसपेपर घरी जातो आणि तो वहिनीही वाचते, म्हणून तो कुठे ठेवायचा हे आधी ठरवा. आरोग्य विमा असेल तर क्लेमच्या वेळी कंपनी कागद मागू शकते, आणि नशेच्या पदार्थांमुळे झालेल्या उपचाराला पॉलिसीत सहसा संरक्षण नसतं. तरी डॉक्टरांना खोटं लिहायला सांगू नका.

स्पर्धेत उतरणाऱ्या पैलवानाने, खेळाडूने डॉक्टरांना आणखी एक सांगावं: 'मला नाडाची तपासणी होऊ शकते.' नाडा म्हणजे खेळातली उत्तेजकं पकडणारी राष्ट्रीय संस्था. अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही बंद आहेत. खरोखर आजारासाठी बंदी असलेलं औषध लागत असेल तर उपचार-सवलतीचा अर्ज करावा लागतो. डॉक्टरांची चिठ्ठी खिशात आहे, एवढ्याने चालत नाही.

दुसरा गट: पुडी, मलम आणि 'जाड व्हायची गोळी'

इथे माणसाला आपण स्टेरॉइड घेतोय हेच ठाऊक नसतं. सांधेदुखीची बिनलेबल पुडी, जिने दोन दिवसांत म्हातारी चालायला लागते. अंग भरण्याची गोळी, जिच्यात डेक्सामेथासोन आणि सायप्रोहेप्टाडिन असू शकतं. नायट्यावरचं तीन औषधांचं मिश्र मलम, ज्याने खाज थांबते आणि चट्टे पसरतात. 'फार लवकर गुण येतो' अशी ज्याची ख्याती आहे, ते उरलेल्या पुडीसकट डॉक्टरांना दाखवा. सोबत ही लक्षणंही सांगा: चेहरा गोल होणं, पोटावर जांभळट रेघा, साखर वाढणं, खुब्यात दुखणं. जुना टीबी असेल तर तोही, कारण या औषधांनी तो पुन्हा उसळतो.

या गटात मोठा फरक एकच: एकदम बंद करायचं नाही. तीन-चार आठवड्यांहून जास्त काळ रोज प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त पोटात गेलं की शरीराची कॉर्टिसोल, म्हणजे स्वतःचं स्टेरॉइड, बनवणारी ग्रंथी सुस्तावू शकते. ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोन म्हणजे डेक्सामेथासोन साधारण ०.७५, डिफ्लाझाकॉर्ट ६. अचानक थांबवलं की उलट्या, चक्कर, रक्तदाब पडणं, बेशुद्धी. डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. मधेच जुलाब-ताप झाला किंवा ऑपरेशन ठरलं तर डोस उलट वाढवावा लागतो. म्हणून भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे वेगळं सांगा, सर्जनला सांगितलंय म्हणून गप्प बसू नका.

छातीत दुखणं, दम लागणं, एकाच पायाला सूज, एका बाजूची ताकद जाणं, डोळे पिवळे होणं, इंजेक्शनच्या जागी लाल गरम गळू आणि ताप, यांपैकी काही झालं तर ओपीडीच्या वेळेची वाट पाहू नका. पहिल्या चारपैकी काही असेल तर १०८ ला फोन करा. औषधांच्या यादीचा फोटो घरातल्या एका माणसाच्या मोबाइलमध्ये आधीच पाठवून ठेवा, म्हणजे तुम्हाला बोलता आलं नाही तरी तो दाखवता येईल.