कॉर्व्हेटचा पाटा आणि आपल्या जीपचे पाटे

बीबीसीच्या ‘टॉप गिअर’ या गाड्यांवरच्या कार्यक्रमानं अमेरिकी गाड्यांच्या पाट्यांची (लीफ स्प्रिंग) भरपूर टिंगल केली. पण कॉर्व्हेट या अमेरिकी स्पोर्ट्स कारचा आडवा पाटा फायबरचा होता आणि चाकं स्वतंत्र हलायची. त्यामुळे अशा पाट्याची बैलगाडीशी तुलना चुकीचीच. विदर्भात पांदणीनं चालणाऱ्या जीपचे पोलादी पाटे मात्र खरंच बिघडतात, कारण काळ्या मातीचा चिखल पात्यांमध्ये बसून गंज धरतो.

हे पाटे तपासायला गाडी सपाट जागी उचला, चेसिसखाली (गाडीच्या सांगाड्याखाली) स्टँड देऊन चाक लोंबू द्या. तारेच्या ब्रशनं माती काढा. पाती मधोमध जोडणाऱ्या सेंटर बोल्टजवळ चीर शोधा. पाटा ॲक्सलला आवळणारा यू-बोल्ट सैल असला की पाटा तिथंच तुटतो. शॅकलच्या (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या कडीच्या) बुशात पहार घालून हलवा, ढिलेपणा दिसला तर बुश बदला. यू-बोल्ट गाडी चाकांवर उतरवूनच, तिरप्या समोरच्या कोपऱ्यांचे नट आळीपाळीनं आवळा आणि थोडं चालवून पुन्हा तपासा.